एकोणीस वर्षे शिकवल्यानंतर दिलेली टीईटी

१ सप्टेंबर २०२५ रोजी दुपारी मी शालेय पोषण आहाराच्या नोंदवहीत तांदळाची शिल्लक लिहीत असताना आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, व्हॉट्सॲप गटावर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा निरोप आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे, त्यांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावी, अन्यथा सेवा सोडावी, असा त्याचा आशय होता. त्याहून कमी सेवा उरलेल्यांची नोकरी शाबूत राहणार होती. मात्र पदोन्नती हवी असेल तर परीक्षेतून त्यांचीही सुटका नव्हती. माझे वय एक्केचाळीस, माझ्या सहकारी गुरुजींचे चौपन्न. मी म्हटले, "गुरुजी, तुम्ही सुटलात." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सुटलो बाई, पण आता शेवटपर्यंत प्रभारी मुख्याध्यापकच." पदोन्नतीच्या यादीत त्यांचे नाव सरकत सरकत आता कुठे वरच्या पानावर आले होते.

मी २००६ साली शिक्षणसेवक, म्हणजे मानधनावरची नवशिकी शिक्षिका, म्हणून दरमहा ३००० रुपये मानधनावर रुजू झाले. बारावीनंतर डी.एड. करावे, गुणांच्या यादीत नाव यावे आणि तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावीत, एवढाच तेव्हाचा रस्ता होता. टीईटीची अट राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेतून आली आणि आपल्या राज्यात पहिली परीक्षा २०१३ च्या डिसेंबरात झाली. त्यामुळे एकोणीस वर्षे वर्ग सांभाळल्यावर "तुम्ही पात्र आहात का" असे कोणी विचारावे, हे मला पहिल्या दिवशी अपमानास्पद वाटले आणि खरे सांगायचे तर आजही थोडे वाटते. पण घराच्या कर्जाचा हप्ता माझ्या पगारातून जातो, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी अर्जाची तारीख शोधू लागले.

सप्टेंबरच्या मध्यात अर्ज सुरू झाले. अभ्यासाआधी मला नावानेच अडवले. दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि डी.एड.च्या गुणपत्रकावर माझे माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, आणि सेवापुस्तकात मधल्या एका पानावर लाल शाईने केलेली नावबदलाची नोंद. नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरायचे, आणि परीक्षेला जाताना ओळखपत्र मात्र आधारच न्यायचे. सेतू केंद्रातल्या मुलाने विवाह नोंदणी दाखला सोबत ठेवा असे सुचवले. तो दाखला सासूबाईंच्या कपाटात, जुन्या पत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडला. आमच्या केंद्रातल्या आणखी तिघी शिक्षिकांची हीच अडचण होती, एकाही गुरुजींची नव्हती.

मग प्रश्न वेळेचा आला. आमची शाळा द्विशिक्षकी, चार इयत्ता, पट सत्तावीस. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे, आणि ते तालुक्याला बैठकीला गेले की चारही इयत्ता एका खोलीत माझ्यासमोर. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाने आठवड्याला ४५ तास काम करावे असे म्हटले आहे आणि त्यात पाठाच्या तयारीचे तासही धरले आहेत. ते वाचून मी एका आठवड्याचे तास सहज मांडून पाहिले. शिकवणे, परिपाठ, पोषण आहार, यू-डायसवर भरायची शाळेची आकडेवारी, वाचन-गणिताच्या निपुण अभियानाच्या नोंदी, फोटो काढून लिंकवर चढवणे, मतदार यादीचे काम, एवढे लिहून झाल्यावर पंचेचाळीस तास कधीच ओलांडले होते आणि तयारीचा रकाना कोराच होता. अभ्यासाला म्हणून पहाटेचे साडेचार ते सहा तेवढे उरले.

पेपर एक पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठी असतो: बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, भाषा एक, भाषा दोन, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण, एकूण १५० प्रश्नांना १५० मिनिटे. खुल्या प्रवर्गाला ९० गुण हवेत. मराठीचे व्याकरण आणि परिसर अभ्यास यांची मला भीती नव्हती. गणित येत होते, पण एका मिनिटात येत नव्हते. दहावीतली मुलगी समोर मोबाईलवर वेळ लावून बसायची आणि शेकडेवारीच्या उदाहरणात मी अडकले की "आई, पुढे जा" म्हणायची. वर्गात मी मुलांना नेमके याच्या उलट सांगते, की घाई करू नका.

बालमानसशास्त्र मात्र मी मन लावून वाचले. मुलांच्या विचारप्रक्रियेचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या प्रयोगांविषयी डी.एड.ला पाठ केले होते, पण ते उत्तरपत्रिकेपुरतेच. दिवाळीच्या सुट्टीआधी एका दुपारी मी पोषण आहाराचा एक पेला पाण्याने भरला आणि मुलांच्या डोळ्यांदेखत ते पाणी पसरट ताटात ओतले. पहिलीतला एक मुलगा ठामपणे म्हणाला, "बाई, पाणी कमी झालं." मी ते परत पेल्यात ओतले. "आता जास्त झालं." सांडले तर नाही ना, असे विचारल्यावर त्याने फरशीकडे पाहिले, नाही म्हणाला, आणि तरीही आपल्या उत्तरावर कायम राहिला. दुसरीतली एक मुलगी मात्र "तेवढंच आहे की" म्हणून हसली. धारकता हा घटक मी इतकी वर्षे मापे दाखवून शिकवत आले. पण समोरच्या मुलाला पाणी खरोखरच कमी झालेले दिसते, हे मी कधी थांबून पाहिले नव्हते. सेवेत आल्यापासून माझी डझनावारी प्रशिक्षणे झाली असतील. त्यांतल्या बहुतेकांत पडद्यावरच्या चित्रफिती पाहिल्या, शेवटी लिंक भरली, चहा घेतला आणि घरी आलो. वर्गात जाऊन एखादी गोष्ट करून पाहा आणि पुढच्या वेळी येऊन सांगा, असे म्हणणारे प्रशिक्षण मला तरी मिळाले नाही.

नोव्हेंबरात नगरपरिषदांच्या निवडणुका लागल्या आणि मतदान अधिकारी म्हणून माझा आदेश आला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यातला एक सबंध दिवस मतदानयंत्राच्या प्रशिक्षणात गेला. त्या पंधरवड्यात गुरुजींनी माझ्या वाट्याच्या ऑनलाइन नोंदी न सांगता स्वतः भरल्या. मला त्या भरलेल्या दिसल्या तेव्हाच कळले.

२३ नोव्हेंबर, रविवार. आदल्या रात्री कोल्हापूर जिल्ह्यात पेपर मिळवून देतो म्हणून पैसे घेणारी टोळी पकडल्याची बातमी सकाळी सर्वांच्या मोबाईलवर होती आणि परीक्षा होते की नाही, याचीच चर्चा फाटकाबाहेर चालली होती. ती झाली. फाटकावरच्या बाईंनी आधार आणि प्रवेशपत्र शेजारी धरून दोनदा माझ्याकडे पाहिले. मी दाखला पुढे केला, तेव्हा आत सोडले. माझ्या पुढच्या बाकावर बाविशीतली मुलगी, मागे पन्नाशीकडे झुकलेले एक गुरुजी. गोल काळे करताना चष्म्याशिवाय ओळ चुकत होती, म्हणून मी प्रत्येक प्रश्नाच्या क्रमांकावर डाव्या हाताचे बोट ठेवले, जसे पहिलीच्या मुलांना वाचताना ठेवायला सांगते. शेवटची अकरा गणिते अंदाजाने भरली. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून कोरे काही सोडले नाही.

पुढे ५ डिसेंबरला संघटनांनी टीईटीची सक्ती आणि पटावरून शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेविरुद्ध शाळा बंद ठेवल्या, तेव्हा मीही मोर्चात गेले. परीक्षा दिली आणि मोर्चालाही कशी आलीस, असे एका मैत्रिणीने विचारले. मला त्यात विसंगती वाटत नाही. नोकरी टिकवण्यासाठी परीक्षा दिली, आणि रुजू होताना नसलेली अट मागाहून लावू नये, हे म्हणण्यासाठी मोर्चात गेले.

अंतरिम उत्तरसूचीवरून मोजले तर माझे ९६ गुण होतात. दोन उत्तरांविषयी शंका आहे, ती धरूनही ९४. प्रमाणपत्र आले की त्याची प्रत सेवापुस्तकाला जोडायची आहे. त्यावर नाव माहेरचे असेल, म्हणून विवाह नोंदणी दाखल्याच्या आणखी दोन साक्षांकित प्रती काढून ठेवल्या आहेत.