तुम्ही विचारलंत म्हणून: ही माणसं पळतात कुठे?

तुमच्या चित्रातली माणसं सारखी पळत का असतात हो, तुम्ही तर जळगावात राहता, हे मला भेटेल तो विचारतो, परवा फ्रेमवाल्यानेही काच पुसता पुसता विचारलं.

खरं सांगू का, त्यातली निम्मी घाई उन्हाची आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो आणि ॲक्रिलिक म्हणजे शेवटी पाण्यातला रंग, पाणी उडालं की संपला, प्लेटवर काढलेला निळा कॅनव्हासपर्यंत न्यावा तर त्याच्यावर साय धरलेली, पंखा लावला की आणखी लवकर वाळतो, बंद केला की घाम टपटप चित्रावर. मग ब्रश ठेवून पत्र्याच्या तुकड्याने रंग ओढायचा, एका दमात, चुकला तर चुकला. लोक त्या ओरखड्यांना ‘आधुनिक जीवनाची अस्वस्थता’ म्हणतात, मीही मान डोलावतो.

पण मागच्या थंडीत एक चित्र ऑइलमध्ये केलं. तेलरंग दिवसेंदिवस ओला राहतो, घाईचं काही कारणच नाही, तरी माणूस पळालाच! तेव्हा मात्र डोंबिवली आठवली. सहा वर्षं तिथून लोकलने कामाला जायचो, गाडी थांबायच्या आधीच माणसं तिच्या बाजूने चालायला लागायची, सॅक पोटावर, एक खांदा पुढे, पाय अजून मागेच, ते अख्खं अंग तिरकं होतं ना, ते माझ्या हातात बसलंय. चेहरा एकही आठवत नाही, म्हणून चित्रातही नसतो.

जर्मनीचा चित्रकार किर्शनर १९११ मध्ये ड्रेस्डेन सोडून बर्लिनला गेला आणि १९१३ ते १५ मध्ये त्याने तिथले रस्ते रंगवले, टोकदार लांबट माणसं, तिरके फटकारे, खेटून चाललेत पण एकमेकांकडे बघत नाहीत. पुस्तकात पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, हा तर आपल्याच डब्यातला. आपले ठाण्याचे चित्रकार सुधीर पटवर्धन बघा, २००५ पर्यंत पेशाने रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे बघणारे डॉक्टर होते, त्यांची माणसं कशी वजनदार, जागेवर घट्ट असतात. माझी टिकतच नाहीत.

ते ऑइलचं चित्र अजून भिंतीला टेकवून ठेवलंय. आई अमळनेरकडची, भाजी निवडता निवडता बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, “याले गाडी धरनी शे का रे भाऊ?”