गच्चीवरची पाच सेंटिमीटर

अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास खेळतो, हे येथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. मात्र आमच्या घराला खरा जाच होता तो रात्रीचा. दिवसभर तापलेला 15 सेंटिमीटरचा स्लॅब सूर्य मावळल्यावरही तासन्‌तास खोलीत उष्णता सोडत राही, आणि रात्री दहाला बाहेर वारा सुटलेला असताना आई ओली चादर अंथरून फरशीवर झोपत असे. एसी लावला तर त्याचा कॉम्प्रेसर क्षणभरही विसावत नसे.

आधी दोन वर्षे गच्चीवर चुना मारून पाहिला. उन्हाळ्यापुरता त्याचा फरक पडे, पण पावसाळ्यात तो धुऊन जाई. त्यानंतर पीओपीच्या छताचे दरपत्रक मागवले असता माझ्या अभियंता मित्राने ते बाजूला सारले. “उष्णता स्लॅबमध्ये मुरल्यावर तिला खालून काय अडवतोस? वरच थांबव,” असे तो म्हणाला. केंद्राच्या 2018 च्या इको निवास संहितेनुसार, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीनुसार, छतातून प्रति चौरस मीटर, आतबाहेरच्या तापमानातील प्रति अंश फरकामागे 1.2 वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. आमचा उघडा स्लॅब या मर्यादेच्या दुपटीहूनही पुढे होता. एक्सपीएसचा, म्हणजे कडक पॉलिस्टायरीन फोमचा, पाच सेंटिमीटरचा बोर्ड उष्णता अडवण्यात सुमारे दोन मीटर जाड काँक्रीटच्या तोडीचा असतो, हा त्याचा हिशेब मला प्रथम थट्टाच वाटला होता.

बोर्ड वजनाला हलका, परंतु त्यावरच्या काँक्रीटचा भार प्रति चौरस मीटर शंभर किलोच्या पुढे जातो, म्हणून स्लॅब तो पेलेल का हे मित्राने आधी तपासले. त्यानंतर गच्चीचे पावसाळी पाइप बुजवून 48 तास पाणी साठवले. कठड्याच्या कोपऱ्यात ओल उमटली, तेव्हा वॉटरप्रूफिंग नव्याने करावे लागले. हा खर्च अंदाजपत्रकात नव्हता, पण गळका स्लॅब बोर्डांखाली झाकणे म्हणजे निव्वळ वेडेपणा ठरला असता.

बोर्ड अंथरले त्याच संध्याकाळी अवकाळी पाऊस आला. काँक्रीट दुसऱ्या दिवशी व्हायचे होते, आणि पाइपांची तोंडे मिस्त्रींनी बुजलेलीच ठेवली होती. मी वर गेलो तेव्हा सगळे बोर्ड घोटाभर पाण्यावर तराफ्यासारखे तरंगत होते आणि दोन तर कठड्यावर चढून बसले होते. “साहेब, माल खराब नाही होत, पाणी पीत नाही तो,” असे मिस्त्री म्हणाले आणि ते खरेच होते. तरीही गच्ची वाळवून, सांधे एकाखाली एक येणार नाहीत अशी मांडणी पुन्हा करण्यात दोन दिवस मोडले. त्यावर जाळी टाकून, पाइपांकडे ढाळ देत पाच सेंटिमीटर काँक्रीट ओतले आणि वरून पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा चायना मोझॅक बसवला.

उष्णता मोजण्याच्या बंदुकीने रात्री दहाला छताची खालची बाजू पूर्वी 41 अंश दाखवीत असे. या मे महिन्यात ती 35 च्या वर गेली नाही. एसी 26 वर ठेवला तरी पुरतो आणि मध्येमध्ये बंदही पडतो, ज्याला आई सुरुवातीला बिघाड समजली होती. पश्चिमेची भिंत मात्र राहून गेली. संध्याकाळी सहाला तिला पाठ टेकवत नाही, आणि तिच्यासाठी मिस्त्रींना दिवाळीनंतरची वेळ दिली आहे.