मेले बरे की वाचले बरे?

आज दुपारी प्रेमचंदांची 'शतरंज के खिलाड़ी' वाचली आणि रात्री लगेच सत्यजित राय यांचा १९७७ चा सिनेमा लावला. कथेत अवधचा नवाब वाजिद अली शाह चार ओळींत कैद होऊन जातो. सिनेमात मात्र त्याच्या भूमिकेत अमजद खान भाव खाऊन जातो (गब्बर डोक्यातून जायला जरा वेळ लागतो, ते सोडा). खरी गंमत शेवटात. कथेत मिर्झा आणि मीर हे दोन बुद्धिबळवेडे मित्र डावावरून भांडत तलवारी उपसतात, दोघेही मरतात. राय त्यांना मारतच नाहीत. पिस्तूल उडतं, गोळी मिर्झाची शाल चाटून जाते. मीर खजील. आणि तिकडे अवध इंग्रजांच्या घशात जात असताना हे पुन्हा पट मांडून बसतात, तेही इंग्रजी पद्धतीने! मला हा शेवट जास्त झोंबला. तलवारीने मरण्यात निदान थोडी तरी अब्रू राहते.