मांजरसुंबा घाट, मिसिंग मारणारी गाडी आणि उगाच बदललेला फ्युएल पंप

जुन्या पेट्रोल गाडीने संभाजीनगरहून बीडमार्गे तुळजापूरला जाणार असाल आणि गाडी मधेच कधीतरी झटके देत असेल, म्हणजे मिसिंग मारत असेल, तर आधीच सांगतो, गेज लावून पेट्रोलचं प्रेशर दाखवल्याशिवाय फ्युएल पंप बदलू देऊ नका. कुणालाच नाही. माझे ५८०० रुपये गेलेत आणि डोकं अजून तापलेलंच आहे, त्यामुळे पुढचं थोडं रागात लिहिलंय.

गाडी २००६ ची, चार सिलिंडर, एमपीएफआय (म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा पेट्रोल इंजेक्टर). शहागडला गोदावरी ओलांडेपर्यंत रस्ता मस्त, गाडी मस्त, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. गेवराईच्या पुढे एका पुलावर चढताना पहिला झटका बसला. पाचव्या गिअरला पाय दाबला की ठक ठक, पाय सैल केला की गुमान चालायला लागते. सपाटीला तर काहीच नाही. बीडला हायवेलगत एका गॅरेजमध्ये नेली, तिथल्या मिस्त्रीने बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला, "पेट्रोल चढत नाही, पंप गेलाय." चावी ऑन केली की मागच्या सीटखालून पंपाचा झूं आवाज दोन-तीन सेकंद व्यवस्थित येत होता, ते मी बोललो पण. पण मे महिन्याची दुपार, आई मागं घामाघूम, आणि तो म्हणे घाटात बंद पडली तर टोचन करून आणावी लागेल. घाबरवायची ही पद्धत लक्षात ठेवा. पंपाचे ५८००, वर टाकी साफ केली म्हणून ७००. ट्रायल मारली सपाट रस्त्यावर, एकदम ओके, आणि होणारच की ओके, सपाटीला आधीही ओकेच होती.

मग घाट. बीड सोडलं, पाली गेलं, बिंदुसरेचं धरण मागे पडलं की रस्ता बालाघाटावर चढायला लागतो. तिसऱ्या गिअरला, एसी चालू, चौघं बसलेले आणि डिकी भरलेली, पहिल्याच वळणाला गाडीने असा काही हिसडा दिला की आईच्या हातातली पाण्याची बाटली खाली. मग एकामागोमाग एक. डॅशबोर्डवरची इंजिनची चेक लाइट नुसती लागली नव्हती, लुकलुकत होती. हे नीट वाचा, ही लाइट स्थिर असेल तर हळूहळू गॅरेज गाठता येतं, पण लुकलुकत असेल तर न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातंय आणि कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) तापून खराब होऊ शकतो, त्याची किंमत पंपापेक्षा कितीतरी जास्त. पाय लगेच सैल करायचा. एसी बंद, दुसरा गिअर, डावी लेन, मागचे ट्रकवाले हॉर्न मारून मारून जीव घेतात तरी तसंच चढायचं. वळणावर थांबू नका, तिथे थांबणं मिसिंगपेक्षा जास्त धोक्याचं आहे. वर मांजरसुंब्याच्या चौकात गाडी लावली तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

चौसाळ्याला एक बॅटरी-वायरिंगचं छोटं दुकान सापडलं. त्या भाऊंनी आधी नुसतं विचारलं, "चढावर मारायलीय ना? सपाटीला नाही ना? मग पंपाला कशाला हात लावला मालक?"

त्यांचं म्हणणं सरळ होतं. पेट्रोल कमी पडलं तर गाडी दमल्यासारखी हळूहळू ओढ सोडते, धाडधाड झटके सहसा स्पार्कचे असतात. चढावर जास्त हवा-पेट्रोल आत जातं, दाब वाढतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. मग ते व्होल्टेज प्लगकडे न जाता वायरीचं किंवा टोपीचं रबर जिथे कमजोर असेल तिथून बाहेर उडी मारतं. म्हणून जुन्या गाडीची मिसिंग सपाटीच्या ट्रायलमध्ये कधीच पकडायची नाही, चढ शोधा, उंच गिअरला ठेवून पाय दाबा.

इंजिन आयडलला (पाय न देता) ठेवून एकेका इंजेक्टरचं सॉकेट काढून पाहिलं. ज्याचं काढल्यावर आवाज बदलत नाही ते सिलिंडर मेलेलं. आमच्यात काहीच कळलं नाही, कारण आयडलला चारही जिवंत. (प्लग वायर उपटून बघणारे मिस्त्री असतात, त्यांना हात लावू देऊ नका, शॉक बसतो आणि कॉईलही, म्हणजे ठिणगीचं व्होल्टेज तयार करणारा भाग, जाऊ शकते.) मग भाऊंनी अंधार पडेपर्यंत थांबायला सांगितलं. शेजारच्या इस्त्रीवाल्याची पाणी मारायची बाटली आणली, दुकानातली लाइट घालवली, इंजिन चालू ठेवून लांबूनच वायरींवर बारीक फवारा मारला. तिसऱ्या प्लगच्या टोपीपाशी निळी रेघ सर्रकन इंजिनच्या हेडवर उतरली, टिक टिक आवाज, आणि इंजिन लंगडायला लागलं. गाडी बंद करून टोपी ओढली तर तेलाने माखलेली, रबर फुगून मऊ झालेलं, आणि प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग लीक, तेल प्लगच्या खड्ड्यात, तिथून सगळं.

वायर सेट ११००, पॅकिंग ३५०, मजुरी ३००. पार्ट दुसऱ्या दिवशी बीडहून मागवावा लागला, लॉजचा खर्च वेगळा. पाचशे जास्तच दिले, भाऊ घेत नव्हते.

मल्टीमीटर, प्लग पाना आणि टॉर्च तुमच्याकडे आहे असं धरतो, नसेल तर असल्या गाडीने लांब जाऊच नका. निघायच्या आधी चारही प्लग काढा, खड्ड्यात तेल आहे का बघा, वायरींचा रेझिस्टन्स मोजा, काही किलोओहम दाखवायला पाहिजे, मीटरवर आकडाच येत नसेल, नुसतं OL येत असेल तर वायर आतून तुटली. एका कॉईलवर दोन सिलिंडर, म्हणजे एक-चार आणि दोन-तीन अशी जोडी असेल, तर जोडीतले दोन्ही मारतायत तर कॉईलवर संशय, एकच मारतंय तर वायर किंवा प्लग. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉईल असेल तर अजून सोपं, तिसऱ्या आणि पहिल्या सिलिंडरच्या कॉईलची अदलाबदल करा, स्कॅनरवरचा कोड पी०३०३ (तिसऱ्याची मिसिंग) जर पी०३०१ (पहिल्याची) झाला तर कॉईलच गेलीय. पण इतक्या जुन्या गाड्यांना बाजारातला साधा स्कॅनर बऱ्याचदा जोडलाच जात नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर निघू नका. गरम झाल्यावरच मारत असेल आणि अर्धा तास उभी केली की बरी होत असेल तर कॉईलवर संशय. आयडलला थरथर आणि पाय दिला की बरी, तर बहुधा कुठेतरी हवा ओढतेय, व्हॅक्यूमचे पाइप बघा. पंपाचा नंबर या सगळ्याच्या नंतर, आणि तोही गेजवर, बऱ्याच एमपीएफआय गाड्यांत तीन बारच्या आसपास प्रेशर असतं.

येरमाळ्याचा घाट नंतर टॉप गिअरला काढला, मुद्दाम पाय दाबून, एकही झटका नाही. गाडीत मी एकटाच ओरडत होतो. तुळजापूरला दर्शन झालं, नळदुर्गचा पाणी महाल पाहिला, छान आहे, त्यावर लिहिणारे भरपूर आहेत.

परत येताना बीडला त्या गॅरेजवर थांबून जुना पंप मागितला. "भंगारात गेला" म्हणाला. बदललेला पार्ट पैसे देतानाच हातात घ्या, आणि बिलावर गाडीचं किलोमीटर लिहून घ्या, माझ्या बिलावर तर तारीखसुद्धा नाहीये.