आमची कोठेही शाखा नाही

पुण्यात एखाद्या दुकानावर ही पाटी दिसली की पाय आपोआप आत वळतात. पाटीने सांगितलं काय? दुकान एकच आहे, एवढंच. माल अस्सल असल्याबद्दल एक अक्षर नाही. ते वाक्य गिऱ्हाईक पदरचं घालतं, आणि स्वतःच घातलेल्या वाक्याशी कोण भांडतो?

दुसऱ्याला पटवायचं तर न्यायशास्त्राच्या, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या, हिशेबाने पाच अवयव लागतात : प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते उदाहरण समोरच्या गोष्टीला लावणं), निगमन (निष्कर्ष). डोंगरावर आग आहे. कारण धूर दिसतो. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघर. हा डोंगरही तसाच धुराचा. म्हणून तिथे आग आहे. पाटीवाल्याने यातला नुसता हेतू रंगवून घेतला. चार अवयवांचा रंग वाचला!

ॲरिस्टॉटलनेही हे हेरलं होतं. डोरिअस नावाचा खेळाडू ऑलिंपियाच्या खेळांत जिंकला एवढं म्हटलं की पुरे. तिथे बक्षीस म्हणून मुकुट मिळतो हे सांगायला नको, ते सगळ्यांना ठाऊक असतं. अडचण एवढीच, की मुकुटाचं खरोखर सगळ्यांना ठाऊक होतं. शाखेचं तसं नाही.

गाळलेलं वाक्य हुडकायचं तर 'जे जे... ते ते...' असं मांडून बघावं. 'ज्या ज्या दुकानाला शाखा नाही, त्या त्या दुकानाचा माल अस्सल.' कागदावर उतरलं की लगेच लंगडतं, कारण दुसऱ्याच महिन्यात बंद पडलेल्या खानावळीलाही शाखा नव्हती. मात्र इथे एक चूक हमखास होते : समोरच्याच्या तोंडी गरजेपेक्षा मोठं वाक्य घालायचं आणि तेच झोडपायचं. 'मालक स्वतः गल्ल्यावर बसला की दर्जावर नजर राहते' एवढं माफक वाक्यही पाटीला पुरतं, आणि ते बरंचसं खरंही आहे. मोठं वाक्य घातलंत तर पाटीवाला विचारणार, 'असं मी कुठं म्हटलं?' न बोलण्याची हीच तर सोय.

'केवढी रांग आहे, म्हणजे वडा झकास असणार' हे जरा अवघड प्रकरण. धुरावरून आग कळते, पण आगीवरून धूर कळत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुराला ओलं जळण लागतं. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, अशा न सांगितलेल्या जादा अटीला उपाधी म्हणतात. वड्याच्या रांगेतलं ओलं जळण म्हणजे परत परत येणारं गिऱ्हाईक. एसटी दहा मिनिटं थांबते त्या स्टँडवर रांग मोठी असते, वडा मात्र सकाळचा. खाणारा पुन्हा तिथे येणारच नसतो.

घरात तर याहून कमी शब्दांत भागतं. 'शेजारची पाचला उठते हो!' यात हेतूही अर्धाच. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसक पंडितांच्या उदाहरणातला देवदत्त धष्टपुष्ट आहे आणि दिवसा जेवत नाही. मग रात्री जेवत असणार, हे न सांगता कळतं. याला अर्थापत्ती म्हणतात. सासूबाईंनी मीमांसा वाचलेली नसते. त्या फळीवरचा डबा हलवून बघतात आणि म्हणतात, 'डाएट चालू आहे सगळ्यांचं, आणि लाडू मात्र चारच उरलेत.' कुणी रागावलंच तर उत्तर तयार असतं : 'मी नाव घेतलं का कुणाचं?'