गेम माझा, पीसी माझा, मग चावी कोणाकडे?

परवा एक नवीन गेम टाकला तर म्हणे आधी अँटी-चीट (गेममधली चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) टाका आणि पीसी रीस्टार्ट करा. म्हटलं ठीके. मग कळलं की हा प्रकार कर्नलमध्ये जाऊन बसतो, म्हणजे विंडोजच्या पार गाभ्यात, जिथून रॅम, ड्रायव्हर, चालू असलेलं सगळंच दिसू शकतं, आणि गेम बंद असला तरी हा आपला बूटपासून जागाच!

चीटर लोकांचा मलाही वैताग आहे, भिंतीपलीकडून गोळी घालणारे ते महाभाग, आणि चीटच कर्नलमध्ये घुसतात म्हणून पहारेकरीपण तिथेच लागतो हे पटतं. पण पहारेकऱ्यावर कोण लक्ष ठेवणार?

२०१३ मध्ये ईएसईए या ऑनलाइन गेमिंग लीगच्या अँटी-चीट क्लायंटमधून खेळाडूंच्या ग्राफिक्स कार्डांवर गुपचूप बिटकॉइन मायनिंग चाललेलं. २०२२ मध्ये तर गेन्शिन इम्पॅक्ट या गेमचा अँटी-चीट ड्रायव्हर (म्हणजे त्याचा कर्नलमध्ये बसणारा भाग) हल्लेखोरांनी अँटीव्हायरस बंद पाडायला वापरला, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) पसरवायला, आणि त्यासाठी समोरच्याकडे तो गेम असायचीही गरज नव्हती कारण ड्रायव्हरवर अधिकृत सही होती ना, विंडोज कशाला अडवेल.

मी सध्या जुन्या पीसीवर फक्त गेम ठेवलेत, बँकेचं, मेलचं काही नाही. मित्र हसतात, हसू देत.