अप्पांचा डेड मोबाईल आणि मीटरवरचं 0.00

अप्पांचा मोबाईल पंधरा दिवस कपाटात पडून होता. चार्जिंगला लावलं तर काहीच नाही, लाईट नाही, व्हायब्रेशन नाही, काळी स्क्रीन. तालुक्याच्या एका दुकानात दाखवला तर त्याने दोन मिनिटं बघितलं न बघितलं आणि सांगून टाकलं, बोर्ड गेलाय, 3200 लागतील, त्यापेक्षा नवीनच घ्या. अप्पा गप घरी घेऊन आले. त्यात कापसाच्या काटापावत्यांचे फोटो होते आणि व्यापाऱ्याकडून अजून पैसे यायचे होते, हे मला गावी पारोळ्याला गेल्यावर कळलं.

मला राग याचा येतो की त्याने काहीही मोजलं नाही. बोर्ड, म्हणजे फोनमधलं मुख्य सर्किट, गेलं हे नुसतं बघून कळतच नाही ना!

माझ्याकडे दोन-तीनशेला मिळतं ते छोटं यूएसबी मीटर आहे, चार्जर आणि केबलच्या मधे लावायचं, व्होल्ट आणि अँपिअर दाखवतं. आधी माझा फोन लावून बघितला, 5.1 व्होल्ट, 1.4 अँपिअर, म्हणजे चार्जर ठीक, केबल ठीक. मग अप्पांचा लावला तर 0.00. बोर्डात शॉर्ट असता तर बऱ्याचदा करंट एकदम चढतो नाहीतर फोन एका जागी तापतो, इथे तर करंट आत जातच नव्हता, म्हणजे पहिला संशय पोर्टवर, जिथे चार्जरची पिन बसते तिथे. नीट बघितलं तर पिन पूर्ण बसत नव्हती, नखाएवढी फट राहत होती.

टॉर्च मारला आणि उलगडा झाला. भाव येईल म्हणून कापूस घरात भरून ठेवलेला, अप्पा त्याच खोलीत झोपतात, मोबाईल उशाशी. आत रुई आणि धूळ दाबून दाबून बसलेली. टाचणी किंवा सुई अजिबात घालायची नाही, पिना वाकतात नाहीतर शॉर्ट होतात, मी लाकडी टूथपिक ब्लेडने तासून बारीक केली आणि हळूहळू कडेकडेने ओढत गेलो तर अख्खी करडी वात बाहेर आली, खरंच दिव्याच्या वातीसारखी.

परत लावला. 0.09.

स्क्रीन काळीच. शेजारी बसलेल्या अप्पांनी विचारलं, "चालू व्हयना का रे भो?" म्हटलं थांबा जरा. बॅटरी खूप दिवस रिकामी पडली की सेलचं व्होल्टेज 3 च्याही खाली जातं, मग फोन एकदम जोरात चार्ज करत नाही, आधी थोडा थोडा करंट देऊन तिला वर आणतो, आणि तोपर्यंत लोगोसुद्धा दिसत नाही. इथेच लोक पाच मिनिटात केबल काढतात आणि फोन मेला म्हणतात. (बॅटरी फुगलेली असेल तर मात्र हे काहीच करू नका, मी आधी मागचं कव्हर सपाट आहे ना ते बघून घेतलं होतं.) पस्तीस मिनिटं झाली आणि 0.09 चं एकदम 0.6 झालं, मग लोगो आला.

पहिलं काम म्हणजे पावत्यांचे फोटो माझ्या फोनमधे घेतले. त्यानंतर दुपारी परत चार्जिंग थांबलं, पण ते आपल्या मे महिन्याचं! पत्र्याखाली 45 च्या आसपास तापमान असेल तर फोन स्वतःच चार्जिंग बंद करतो, बॅटरी वाचवायला. फ्रिजमधे ठेवू नका, आत पाणी धरतं. मी कव्हर काढून माठाजवळच्या गार फरशीवर ठेवला.

एक खोड राहिली होती, केबल एका बाजूने लावली तर चार्जिंग, उलटी लावली तर 0.00. टाईप-सी पोर्टमधे वरखाली 12-12 पिना असतात, एका बाजूची खराब झाली की असंच होतं. मग जळगावला गोलाणी मार्केटमधून सीसी बोर्ड आणला, म्हणजे चार्जिंग पोर्ट बसवलेली छोटी वेगळी पट्टी, 250 रुपये. हेअर ड्रायरने मागचं कव्हर गरम करून सोडवलं, सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर काढलं, स्क्रू कागदावर ज्या जागेचे त्या जागी मांडले, ती पट्टी बदलली. आता दोन्ही बाजूंनी 1.3.

अप्पांनी बियाण्याचं रिकामं पाकीट कापून धुऊन वाळवलंय. रात्री मोबाईल त्यात घालून झोपतात.